नोव्हेंबरची सही

३ सप्टेंबर
गौरी-गणपती गेले आणि त्यांच्या पाठोपाठ हेही गेले. सकाळच्या एसटीनं. फाट्यापर्यंत पोचवायला गेले होते मी. पिशवीत नारळ, तांदळाचं पीठ, कोकमाच्या आगळाची बाटली. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "मागची पन्हळ गळतेय, कुणाकडून तरी बघून घे." बायकोशी शेवटचं बोलायचं ते एवढंच. मी म्हटलं, "नोव्हेंबरात आलात की तुम्हीच बघा." म्हणाले, "हां. सही असतेच."

सही असतेच. आता दोन महिने ह्या दोन शब्दांवर काढायचे.

५ सप्टें.
घर नुसतं खायला उठतंय. सासूबाई ओटीवर सुपारी कातरत बसतात, मी आत-बाहेर करते. यांची खुर्ची परत रिकामी. मुंबईहून टेम्पोतून आणलेली, प्लास्टिकच्या पट्ट्यांची. आल्यावर पाहुण्यासारखे तिच्यावर बसतात आणि मीही पाहुण्यासारखा कपबशीतून चहा देते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सलग एकत्र राहिलेले दिवस जमवले तर दोन-तीन वर्षंसुद्धा भरायची नाहीत.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता येतील कायमचे. सरकारी छापखान्यातली नोकरी संपली, पेन्शनचं खातं इथल्या तालुक्याच्या बँकेत काढलं. पण हे राहिले तिकडंच. परळला, गावच्या सामाईक खोलीत, गावच्या बाकीच्या पुरुषांबरोबर. विचारलं की म्हणतात, "येतो की. मंडळाचं काम आहे." मंडळाचे खजिनदार ना. दर नोव्हेंबरला मात्र बँकेत सही करायला येतात, आपण जिवंत आहोत म्हणून. माणूस बँकेला दिसायला येतो, वाटेत मलाही दिसतो.

८ सप्टें.
म.खो. आजपासून परत सुरू. (मदतखोली. रोज कोण लिहीत बसणार.) गणपतीत सगळ्या बायका विसरल्या, पहिल्यापासून शिकवणं आलं.

समाजमंदिराच्या मागची खोली. मुंबईचं मंडळ दर महिन्याला चाकरमान्यांकडून वर्गणी काढतं, त्यातून ही खोली, एक कॉम्प्युटर, एक टॅबलेट, इंटरनेट आणि माझं मानधन. म्हणजे हे तिकडं घरोघर वर्गणी गोळा करतात आणि त्यातून मला इथं पैसे मिळतात. नवऱ्याच्या हातून पगार, तोही पावती फाडून. सासूबाई म्हणतात, "बरा गो तुजा संसार."

आज टॅबलेटवर नंबर कसा साठवायचा ते शिकवलं. संध्याकाळी बघते तर यादीत ओळीनं नऊ वेळा 'हे'. एकीनंही नवऱ्याचं नाव टाकलेलं नाही! सुलभानं आपला 'हे' समजून लावला तो रुक्मिणीकाकींच्या यांना लागला. पलीकडून "जेवलीस काय?" आलं, तशी हिनं घाबरून टॅबलेट पालथा घातला. हसून हसून पुरेवाट. मग मीच बसून सगळ्यांची नावं घातली. माझ्या ओळीवर आले आणि हात थांबला. तसंच ठेवलं, 'हे'. शिकवणारी मी, आणि मलाच जमेना.

१९ सप्टें.
सुलभा शिकली. आमच्या शेजारची, नवरा कांदिवलीला हॉटेलात. मोबाइलवर पैसे आलेले बघायचे, दुकानात द्यायचे, कुणी फोन करून नंबर विचारला तर सांगायचा नाही, सगळं येतं आता. परवा कुणीतरी "तुमचं खातं बंद होतंय" म्हणून फोन केला, तर म्हणाली, "होऊ दे बंद, मी आमच्या काकीला विचारीन." आणि ठेवला. मला तिचा केवढा अभिमान वाटला.

पण आज टॅबलेट पुसता पुसता सहज म्हणाली, "काकी, पूर्वी हे पैशे द्यायला तरी यायचे वो महिन्या-दोन महिन्यांनी. आता टिंग वाजतं."

 खोलीला कुलूप घालून घरी आले. डोक्यातून ते टिंग जाईना.

२५ सप्टें.
वृषालीताई आल्या. चिपळूणहून येतात, मंडळानंच नेमल्यात, बायकांच्या मनाचं ऐकायला. गेल्या खेपेला टेबल-खुर्ची मांडून बसल्या आणि एक बाई आली नाही. सगळ्यांचं एकच, "मी काय वेडी हाय?" ताई बिचाऱ्या हिरमुसून गेल्या होत्या.

या वेळी मी म्हटलं, टेबल उचला. खाली सतरंजी घातली आणि मधोमध मोड आलेल्या कडव्या वालांचं पातेलं ठेवलं, कोमट पाण्यात. म्हटलं, या गं सोलायला, उद्या सगळ्यांना बिरडं. अकरा जणी! हात वालांत, नजर वालांत, आणि तोंडं अशी सुटली की बास. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या न लागणाऱ्या झोपेचं. रुक्मिणीकाकी तर रडल्या, आणि रडता रडता सोलत होत्या. समोर बघून बोलायचं म्हटलं की आमची दातखीळ बसते.

जाताना ताई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांना बोलतं केलंत, तुम्ही मात्र काहीच बोलला नाहीत." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय.

२ ऑक्टोबर, दसरा
व्हिडिओवर बोललो. बोललो म्हणजे सासूबाई ओरडल्या आणि हे "हो, हो" म्हणाले. मागं गावची खोली दिसत होती. दोरीवर टॉवेल, कुणीतरी कांदा चिरतंय, कुणीतरी काही बोललं आणि हे मान वळवून खळखळून हसले. एवढं मोकळं हसताना मी यांना घरात बघितलेलं नाही. मग परत मोबाइलकडे तोंड, परत गंभीर. "बाकी ठीक ना?"

राग आला. कुणाचा ते कळेना. त्या खोलीचा आला. चार दशकं माझा नवरा ती वापरतेय.

१४ ऑक्टो.
भात कापणी. माणसांची मजुरी यांनी तिथून मोबाइलवर पाठवली. पन्हळ दुरुस्त. लोहाराला मी फोटो पाठवला, यांना फोटो पाठवला, काम झालं. घरपट्टी इथूनच भरली. गॅसचं आधार जोडायचं होतं तेही झालं.

पूर्वी यातलं एकेक काम म्हणजे यांची एकेक खेप असायची. शाकारणीला या, कापणीला या, तलाठ्याकडे या. आता मीच खोलीत बसून एकेक काम निपटते आणि यांच्या येण्याचं एकेक कारण माझ्याच हातानं पुसते. मंडळाच्या अहवालात लिहिणार आहेत म्हणे, 'गावकऱ्यांचा वेळ व प्रवासखर्च वाचला.' वाचला खरा!

एक सही तेवढी राहिलीय.

२२ ऑक्टो., पाडवा
आले नाहीत. गर्दी फार म्हणे. सासूबाईंच्या हट्टामुळे मोबाइल पाटावर उभा केला आणि ओवाळलं. पडद्याला कुंकू लागलं, मग आवाजच जाईना. हे तिकडून, "ऐकू येत नाही, ऐकू येत नाही." मी म्हटलं, मी काही बोललेच नाही.

तबक ठेवलं आणि परसात जाऊन उभी राहिले. फार आठवण आली. जो माणूस नुकताच पडद्यावर होता त्याचीच.

१ नोव्हेंबर
फोन आला. मी उत्साहानं, "कधी निघताय?"
म्हणाले, "अगं, ते हयातीचं आता घरबसल्या होतं म्हणे. मोबाइलवर चेहरा दाखवून. तूच शिकवतेस ना गावाला? मलाही शिकव."

हो. मीच शिकवते. गेल्या वर्षी पाच जणांचे दाखले मी स्वतः काढून दिले आणि मंडळाच्या सभेत यांनीच ते वाचून दाखवलं.

३ नोव्हें.
लिहू की नको. लिहितेच, इथं नाही तर कुठं लिहिणार.

संध्याकाळी फोनवर एकेक पायरी सांगत होते. ॲप उघडा, आधार घाला, आता चेहरा चौकटीत धरा. नाही झालं. परत केलं. नाही झालं. "काय अडलंय गं?"

मला काय अडलंय ते माहीत होतं. गावच्या खोलीत दिवा पाठीमागं आहे, तोंडावर अंधार. उजेडाकडे तोंड करा, हे मी म.खो.त दिवसातून दहादा ओरडून सांगते. आणि मी म्हटलं, "तुमचा चेहरा जुळत नाहीय. आधारावरच्या फोटोत मिशी नाही ना."

मामंजी गेले तेव्हा हे गावी आले होते, दहाव्याला डोकं, मिशी सगळं उतरवलेलं, आणि त्याच आठवड्यात शाळेत आधारवाले आलेले. म्हणून फोटोत तसे. केसांनी नाही अडत, मिशीनं अडतं, असंही ठोकून दिलं. माझ्या तोंडून सहज गेलं. इतकं सहज की मलाच भीती वाटली.

"मग?"
"मग काय, यावं लागेल. बँकेत. दरवर्षीसारखं."
 "बघतो," म्हणाले.

यांची झुपकेदार मिशी मला आवडते, हे सांगायचं मात्र राहून गेलं. ते कधीच सांगितलेलं नाही.

६ नोव्हें.
फोन नाही. मी मागची खोली झाडून घेतली. कुळथाचं पीठ दळून आणलं, यांना पिठी लागते. सासूबाई विचारतात, "येतोय काय?" मी म्हटलं, येतायत बहुतेक. खोटं एकदा बोललं की पुढचं आपोआप येतं.

म.खो.तून आज रुक्मिणीकाकींच्या यांचा दाखला फोनवर सांगून काढला. "उजेडाकडे तोंड करा काका." पहिल्याच खेपेला झाला.

९ नोव्हें.
आजचा दिवस! 

सकाळी मी चुलीपाशी, सासूबाई न्याहारीला बसलेल्या. सुलभा पदर तोंडाला लावून दारात. मागून आणखी तिघी. माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागली. "काकी, मला हाक का नाय मारलीत वो?" मी म्हटलं, काय झालं? तिनं मोबाइल पुढं केला. गावाचा ग्रुप. तो मीच काढलेला, मीच सगळ्यांना शिकवलेला. त्यावर सासूबाईंचा फोटो, भोवती फुलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. बाहेरगावच्या मंडळींचीसुद्धा.

सासूबाई भाकरीचा तुकडा हातात धरून, "माजा फोटो कशाला लावलाय गो?"
"आई, तुम्ही गेलात म्हणतायत."
"कवा?"

सुलभा किंचाळलीच. मग हसू, मग रडू. सासूबाई म्हणाल्या, "जेवून जाईन म्हनावं."

दत्ताराम भाऊजींना फोन लावला. यांचे खोलीतले सोबती, मंडळाचे चिटणीस, टाकलं होतं ते त्यांनीच. बिचारे रडवेले. म्हणाले, "वैनी, काल संध्याकाळी न्हाव्याकडून मिशी उतरवून बाहेर पडताना बघितलं मी याला. आमच्यात मिशी कधी उतरते? बाप तर आधीच गेलेला. म्हटलं आईच. तोंड पाडून चालला होता, विचारायचा धीर नाय झाला." विचारायचा धीर झाला नाही, पण ग्रुपवर टाकायचा झाला.

संध्याकाळी यांचा फोन. सकाळपासूनचा गोंधळ यांना उशिरा कळला, मोबाइल चार्जिंगला होता म्हणे. आईची माफी मागितली, मग मला म्हणाले, "झाला गं दाखला! तू म्हणालीस तेच. मिशी नडत होती. सकाळी गॅलरीत उभा राहिलो, एका झटक्यात झाला."

गॅलरीत. उजेडात.

मग फोटो पाठवला. वरचा ओठ पांढरा, बाकी चेहरा रापलेला. बोहल्यावर होते तसेच, ओठ जरा मुडपलेला. मिशीखाली तो ओठ इतकी वर्षं तसाच होता, आणि मला आठवतच नव्हता; मामंजींच्या वेळी कोण ओठाकडे बघत बसलं होतं. सासूबाई झोपल्यावर पोटभर रडले.

११ नोव्हें.
सासूबाई आज अंगणात ऊन खात बसलेल्या, एकदम म्हणाल्या, "मी खरीच गेली तर येईल ना गो?"

मी म्हटलं, काहीतरीच काय आई. पण त्यांनाही कारणच लागतं, मलाही कारणच लागतं. आमच्या घरात माणसाला माणसासाठी कुणी बोलावलेलंच नाही.

१३ नोव्हें.
वृषालीताई. वालांचं पातेलं. आज मी मुद्दाम सगळ्या गेल्यावरही सोलत बसले, आणि सगळं सांगितलं. मिशी, उजेड, सही. ताई हसल्या नाहीत. त्याही सोलत होत्या, वाईट सोलतात, अर्धे दाणे मोडतात. मग विचारलं, "ते यावेत असं तुम्हाला वाटतं, हे त्यांना माहीत आहे?"
"न कळायला काय लहान आहेत?"
"सांगितलंय कधी?"

पन्हळीचं सांगितलंय. कापणीचं, तलाठ्याचं, सहीचं. गुरं होती तेव्हा गुरांचं सांगायचे. सासूबाईंच्या गुडघ्याचं तर किती वेळा. माझं नाही सांगितलं. बाई नवऱ्याला काय म्हणून सांगणार, मला करमत नाही? लोक काय म्हणतील, आणि हे काय म्हणतील. आणि समजा सांगितलं आणि नाही आले, तर? पन्हळीला आले नाहीत तर पन्हळीसाठी आले नाहीत. हे फार वेगळं.

ताई म्हणाल्या, "तुमच्याकडे आता काही काम उरलंय का, ज्याला त्यांना बोलवाल?"
विचार केला. काहीच नाही.

१६ नोव्हें.
म.खो. बंद होती, रविवार. किल्ली माझ्याकडेच. आत जाऊन बसले, दार लोटलं. घरून बोलायला सासूबाईंचे कान आहेत.

मोबाइलवर आवाजी निरोपाचं बटण दाबून धरलं. पहिल्यांदा नुसता खोकला गेला, तो पुसला. दुसऱ्यांदा गॅसबद्दलच बोलायला लागले, तोही पुसला. मग भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हटलं,

"ऐकताय ना. दाखला मिशीमुळे अडला नव्हता. उजेड कमी होता. मला माहीत होतं. तुम्ही यावं म्हणून खोटं बोलले. आता दाखला झालाय, पन्हळ झालीय, भात घरात आलंय. आईंची तब्येत बरी आहे. काम काही नाही. तरी या. मला करमत नाही."

सोडलं बटण. गेलं. पुसायला परत हात गेला होता, तेवढ्यात बरोबरच्या खुणांचं निळं झालं.

घरी येईपर्यंत काही आलं नाही. जेवले नाही.

१७ नोव्हें.
काही नाही. शिकवताना दोनदा चुकले. सुलभा म्हणाली, काकी, बरं नाय काय? म्हटलं, डोकं दुखतंय. मंडळाचं मानधन मात्र आलं. टिंग वाजलं. खजिनदार हिशोबाला चोख.

कशाला बोलले? निदान पुढच्या नोव्हेंबरची वाट तरी बघता आली असती. आता तीही नाही.

१८ नोव्हें.
आला निरोप. दुपारी. सासूबाईंना झोप लागलीय ना ते बघितलं आणि मागच्या दारात जाऊन कानाला लावला.

आधी कुकरची शिट्टी. कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि यांचा आवाज, "जरा बाहेर जा रे." दार ओढल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसता श्वास. मला वाटलं संपलं.

"ऐकलं मी. खूप वेळा ऐकलं." परत शिट्टी. "अगं, मला तिथं आलो की कळत नाही कुठं बसायचं. तुझं सगळं चाललेलं असतं. मी मध्येमध्ये येतो असं वाटतं. काम असलं की बरं असतं, काम करतो आणि निघतो. आता तू म्हणतेस काम नाही. मग मी तिथं येऊन करायचं काय? ते सांग. सांगशील तसं."

हे चिडून नव्हतं. खरंच विचारत होते. इतकी वर्षं मला वाटलं यांना यावंसं वाटत नाही, आणि हे आपले बसायचं कुठं या काळजीत.

ऐकून मागं वळले तर सासूबाई दारात. झोपल्या कुठल्या! "काय म्हंतो?"
"विचारतायत, येऊन करू काय."
त्यांना कवळी सांभाळून हसू आलं. "आनि तू काय सांगतंस?"

मी आत गेले. डब्यातले वाल काढले, निवडले, पातेल्यात भिजत घातले. हाताला जरा जास्तच आले. ओटीवरची खुर्ची उचलून माजघरात आणून ठेवली, मग वाटलं, खुर्ची कशाला, आणि परत बाहेर नेली. सतरंजी काढली.

मग बटण दाबून म्हटलं, "वाल सोलायला."

निळं झालंय. अजून उत्तर नाही. मोड यायला परवा उजाडेल.